औषधावरून रोगाकडे

मुंबईचे हृद्रोगतज्ज्ञ डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी सर्पगंधेच्या मुळीने रक्तदाब उतरतो असे सप्रमाण दाखविणारा निबंध १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये प्रसिद्ध केला, तेव्हा आपण मनोविकारांच्या इतिहासातही हात घालीत आहोत याची त्यांना कल्पना असण्याचे काही कारण नव्हते. मुळी आपल्याकडे नवी नव्हती. बिहारात तिला ‘पागल की दवा’ म्हणत, आणि कलकत्त्याचे गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी उन्माद आणि रक्तदाब या दोहोंवर तिचा गुण येतो असे १९३१ सालीच लिहून ठेवले होते. परंतु त्यांचे लेखन देशाबाहेर फारसे गेले नाही, वकिलांचे गेले. बाझल येथील सिबा कंपनीच्या रसायनज्ञांनी १९५२ साली त्या मुळीतून रिसर्पीन नावाचे अल्कलॉइड वेगळे काढले, आणि थोड्याच अवधीत ते युरोप-अमेरिकेत रक्तदाबाच्या रुग्णांना सर्रास दिले जाऊ लागले. रक्तदाब उतरला, पण काही रुग्णांच्या बाबतीत त्याबरोबर मनही उतरले.

झोप उडणे, अन्नावरची वासना जाणे, ज्या कामात आयुष्यभर रस घेतला त्याकडे ढुंकूनही पाहावेसे न वाटणे, आपण घरच्यांवर भार होऊन राहिलो आहोत ही समजूत दृढ होणे, अशा लक्षणांचा समुच्चय दोन आठवडे वा त्याहून अधिक काळ टिकला म्हणजे वैद्य त्यास डिप्रेशन किंवा नैराश्य म्हणतात. हाच समुच्चय रक्तदाबाच्या गोळीने उत्पन्न व्हावा ही गोष्ट त्या काळी लहान नव्हती. विषण्ण माणसाची अवस्था त्याच्या स्वभावाच्या, दैवाच्या किंवा, डॉक्टर अधिक शिकलेला असेल तर, बालपणीच्या आठवणींच्या हवाली करून मोकळे होण्याचा तो जमाना. आणि येथे तर मिलिग्रॅममध्ये मोजून देता येणारे एक द्रव्य या साऱ्या प्रकरणात संशयित म्हणून उभे राहिले होते. वॉशिंग्टनजवळच्या बेथेस्डा येथील राष्ट्रीय आरोग्य संस्थेत बर्नार्ड ब्रोडी आणि त्यांचे सहकारी यांनी १९५५ साली असे दाखवून दिले की, रिसर्पीन टोचले असता प्राण्यांच्या शरीरातील सेरोटोनिनचा साठा रिता होतो आणि ते प्राणी मलूल होऊन पडतात. हे सेरोटोनिन तेव्हा स्वतःच नवखे होते. क्लीव्हलंडच्या प्रयोगशाळेत ते १९४८ साली हाती आले ते रक्तवाहिन्यांचे आकुंचन करणारे रक्तातील एक द्रव्य म्हणून, आणि ते मेंदूतही असते हे बेटी ट्वारॉग या तरुण संशोधिकेने सिद्ध केले १९५३ साली.

त्याच सुमारास, अगदी उलट दिशेने, दुसरा एक पुरावा चालून आला, आणि तोही भलत्याच रोगाच्या दप्तरातून. न्यूयॉर्कच्या स्टेटन बेटावरील सी व्ह्यू रुग्णालयात क्षयाचे रुग्ण ठेवीत, आणि १९५२ साली तेथे दोन नव्या औषधांचे प्रयोग चालू होते. अग्निबाणांच्या इंधनातही वापरल्या जाणाऱ्या हायड्राझीनपासून ती दोन्ही बनविलेली होती. त्यांपैकी आयसोनायाझिड आजही क्षयावर दिले जाते. दुसरे इप्रोनायाझिड, त्याने क्षय तर हटलाच, पण ज्यांची फुप्फुसे अजून पुरती सुधारली नव्हती असेही रुग्ण आनंदाने वावरू लागले, जेवू लागले, एकमेकांशी गप्पा मारू लागले, आणि वॉर्डातून नाचणाऱ्या रुग्णांची छायाचित्रे वृत्तपत्रांतून झळकली. क्षयाच्या डॉक्टरांनी हा अवांतर परिणाम त्रासदायक मानून बाजूला ठेवला, त्यात त्यांचा दोष नाही. ज्याला विश्रांतीची सक्ती आहे त्याने नाचणे हे क्षयरोगतज्ज्ञाला सुलक्षण कसे वाटावे? परंतु न्यूयॉर्क राज्यातीलच रॉकलंड मनोरुग्णालयाचे नेथन क्लाइन यांनी, ज्यांनी पूर्वी आपल्या रुग्णांवर रिसर्पीनही वापरून पाहिले होते, १९५७ साली हेच औषध विषण्ण रुग्णांना दिल्याचे आणि बऱ्याच जणांना गुण आल्याचे जाहीर केले. हे औषध मोनोअमाइन ऑक्सिडेज नावाच्या विकराचे काम बंद पाडते हा शोध अर्न्स्ट त्सेलर यांनी १९५२ सालीच लावून ठेवला होता.

तिसरा पुरावा स्वित्झर्लंडचा. बोडन सरोवराच्या काठी म्युन्स्टरलिंगेन या खेड्यात एक मनोरुग्णालय आहे, आणि तेथील डॉक्टर रोलांड कून यांच्याकडे बाझलच्या गायगी कंपनीने चित्तभ्रमावरील औषध म्हणून एक द्रव्य पारखण्यास पाठविले होते. चित्तभ्रमावर त्याचा उपयोग झाला नाही. काही रुग्ण तर अधिकच प्रक्षुब्ध झाले. दुसरा एखादा असता तर बाटल्या साभार परत करता. कूनने ते द्रव्य गंभीर विषण्णतेच्या रुग्णांना देऊन पाहिले, आणि काही आठवड्यांत त्यांच्या चेहऱ्यांवरची, बोलण्यातली आणि हालचालींतली जडता उतरू लागलेली त्याला दिसली. ते द्रव्य म्हणजे इमिप्रामीन. सप्टेंबर १९५७ मध्ये झुरिक येथील जागतिक मनोविकार परिषदेत त्याने हा वृत्तान्त वाचला तेव्हा समोर जेमतेम डझनभर श्रोते होते. कूनची बारीक नजर निर्विवाद आहे. मात्र त्या रुग्णालयात वर्षानुवर्षे रुग्णांना पुरती माहिती न देता, त्यांची रीतसर संमती न घेता औषधांचे प्रयोग झाले हेही पुढे परगण्याच्या सरकारने करविलेल्या इतिहाससंशोधनातून २०१९ साली उजेडात आले, आणि त्याची कीर्ती सांगताना ही बाजू वगळणे मला योग्य वाटत नाही.

आता या तिन्ही औषधांचा परस्परांशी संबंध काय, हे कळण्यासाठी मज्जापेशींच्या व्यवहारात थोडे डोकावले पाहिजे. मेंदूत सुमारे ८६०० कोटी मज्जापेशी आहेत, आणि त्या एकमेकींना चिकटलेल्या भासत असल्या तरी बहुतेक ठिकाणी दोन पेशींच्या टोकांमध्ये मिलिमीटरच्या सुमारे पन्नास हजाराव्या भागाएवढी फट असते. पेशीच्या अंगातून धावत आलेला विद्युत्संदेश या फटीशी येऊन थबकतो, आणि पलीकडे मजकूर पोचविण्याचे काम तेथून पुढे रासायनिक दूतांकडे जाते. जुन्या कचेऱ्यांतील जासुदांची वहिवाट ज्यांना ऐकून ठाऊक आहे त्यांना हा मामला समजण्यास अडचण पडू नये. कोठीत तयार बसलेला जासूद हुकूम होताच खलिता घेऊन फट ओलांडतो, पलीकडच्या ग्राही नावाच्या प्रथिनापाशी तो रुजू करतो, आणि काम होताच तेथे तळ न देता एका ठरावीक दरवाजाने आपल्याच कचेरीत माघारी येतो. तेथे त्याची पुन्हा कोठीत रवानगी होते, किंवा मोनोअमाइन ऑक्सिडेज हे विकर त्याचा कायमचा निकाल लावते. सेरोटोनिन आणि नॉरॲड्रेनॅलिन हे या जासुदांपैकी दोन. सेरोटोनिन धाडणाऱ्या पेशी मेंदूच्या देठाशी अवघ्या काही लाख, परंतु त्यांचे तंतू मेंदूच्या कानाकोपऱ्यांत पोचलेले. म्हणूनच झोप, भूक, वेदना, कामेच्छा, चिंता अशा एरवी परस्परांशी नाते नसलेल्या गोष्टींत त्याचा हात दिसतो. शरीरातील सेरोटोनिनचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग तर मेंदूत नसून आतड्यांत तयार होतो, आणि विषण्णतेची गोळी घेणाऱ्यास पहिले काही दिवस मळमळते याचे मूळ त्यात आहे.

रिसर्पीन कोठीत जासूद ठेवूच देत नाही; बाहेर पडलेले सारे विकराच्या हाती सापडून नष्ट होतात. इप्रोनायाझिड त्या विकराचेच हात बांधते. आणि इमिप्रामीन काय करते हे ज्यूलियस ॲक्सलरॉड यांच्या प्रयोगांनी १९६१ साली उघड केले: ते माघारीचा दरवाजा अडविते, त्यामुळे दूत फटीतच अधिक काळ रेंगाळतो. या शोधमालिकेबद्दल ॲक्सलरॉडना १९७० चे नोबेल पारितोषिक मिळाले.

येथवर सारे प्रयोगसिद्ध आहे. पुढचे पाऊल अनुमानाचे, आणि ते सुरेख असल्यामुळे फसवे. दूत कमी करणारे औषध विषण्णता आणते, दूत वाढविणारी औषधे ती घालवितात, तस्मात् विषण्णता म्हणजे दूतांची कमतरता: असा हा त्रैराशिकासारखा सोपा हिशेब. बॉस्टनचे जोसेफ शिल्डक्राउट यांनी १९६५ साली नॉरॲड्रेनॅलिनच्या बाजूने आणि इंग्लंडचे ॲलेक कॉपेन यांनी १९६७ साली सेरोटोनिनच्या बाजूने तो मांडला. शिल्डक्राउटने आपल्या निबंधातच हे एका अत्यंत गुंतागुंतीच्या अवस्थेचे अतिसुलभीकरण होय असे कबूल करून ठेवले होते. पण उपपत्ती लोकांच्या तोंडी गेली म्हणजे तिच्याबरोबरचा हा शेरा मागे राहतो, तसे येथेही झाले.

औषधे मात्र सुधारत गेली, आणि त्यांना सुधारणेची गरजही होती. इप्रोनायाझिडने काहींना कावीळ झाल्यामुळे १९६१ मध्ये अमेरिकेत त्याची विक्री थांबली. त्याच्या जातीच्या इतर औषधांवर असताना जुनवलेले चीज खाल्ले तर रक्तदाब एकाएकी भयंकर चढतो, कारण चीजमधील टायरामीन पचविणारे विकरच बंद पडलेले असते. लंडनच्या मॉड्सली रुग्णालयातील बॅरी ब्लॅकवेल यांनी १९६३ मध्ये ही गोष्ट प्रथम पुढे आणली तेव्हा तिच्यावर सहसा कोणाचा विश्वास बसेना. इमिप्रामीनच्या वर्गातील औषधांनी तोंडास कोरड पडते, बद्धकोष्ठ होतो, आणि मोठी मात्रा हृदयाची गती बिघडवून प्राणघातक ठरते, जी बाब जीवावर उदार झालेल्या रुग्णाच्या उशाशी ठेवावयाच्या औषधात फार गंभीर होय. म्हणून केवळ सेरोटोनिनचाच दरवाजा अडविणारे, इतरत्र ढवळाढवळ न करणारे औषध शोधण्याची तजवीज सुरू झाली. स्वीडनचे अर्विद कार्लसन यांच्या संशोधनातून निघालेले झिमेलिडीन १९८२ साली बाजारात आले आणि मज्जातंतूंच्या एका गंभीर विकारामुळे पुढच्याच वर्षी मागे घ्यावे लागले. त्यानंतर इंडियानापोलिसच्या एलाय लिली कंपनीचे फ्लुओक्सेटीन; त्यावरील पहिला निबंध १९७४ चा, आणि अमेरिकी सरकारची मंजुरी डिसेंबर १९८७ ची. प्रोझॅक या नावाने ते जगभर गाजले. पाठोपाठ सर्ट्रालीन, पॅरोक्सेटीन, सिटालोप्राम, आणि आज आपल्याकडच्या चिठ्ठ्यांवर सर्रास दिसणारे एस्सिटालोप्राम आले. आणि जाहिरातदारांनी ‘मेंदूतील रासायनिक असंतुलन’ हे पद घरोघर पोचविले.

या पदाने एक उपकार केला हे नाकारता येत नाही. आपल्या दुःखास आपला दुबळेपणा कारण नाही, असे ज्याला कोणी कधी म्हटले नव्हते अशा माणसाला त्या वाक्याने दिलासा दिला. पण दिलासा देणारे वाक्य खरेच असते असे नाही, आणि या वाक्याविरुद्धचा पुरावा पुष्कळ जुना आहे. गोळी पोटात गेल्यापासून काही तासांतच दरवाजा अडतो, फटीत सेरोटोनिन वाढते. मन मात्र सुधारण्यास दोन ते सहा आठवडे घेते. उणीवच तेवढी रोगाचे कारण असती तर ती भरून निघाल्यावर इतका काळ कशाची वाट पाहावी? शिवाय सेरोटोनिन ज्यापासून बनते ते ट्रिप्टोफॅन आहारातून वगळून त्याची पातळी मुद्दाम खाली आणली तर निरोगी माणसे सामान्यतः विषण्ण होत नाहीत. औषधाने नुकतेच बरे झालेले काही रुग्ण मात्र काही तासांतच पुन्हा खचतात, असे येल विद्यापीठाच्या प्रयोगांत १९९० मध्ये दिसले. म्हणजे सेरोटोनिन अगदीच असंबद्ध नाही, पण त्याचा संबंध बहुधा बरे होण्याशी अधिक आणि आजारी पडण्याशी कमी आहे. खुद्द रिसर्पीनची साक्षही उलटतपासणीत टिकली नाही: मॉड्सलीच्याच डेव्हिस आणि शेपर्ड यांनी १९५५ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत चिंताग्रस्त व खिन्न रुग्णांना त्याने उलट बरे वाटले होते. ज्या वर्षी ब्रोडींचा शोध गाजला त्याच वर्षी हा दाखला छापून पडलेला असावा, आणि तो पुढे कित्येक दशके कोणाच्या फारसा खिजगणतीत नसावा, हे शास्त्राच्या इतिहासात वाटते तितके विरळा नाही. अखेरीस लंडनच्या जोॲना मॉन्क्रिफ आणि त्यांचे सहकारी यांनी २०२२ साली उपलब्ध संशोधनाचा एकत्र आढावा घेऊन, विषण्ण माणसांत सेरोटोनिन कमी असते याला सुसंगत असा पुरावा सापडत नाही, असा निकाल दिला.

त्यावर वृत्तपत्रांनी लगोलग औषधेच निकामी ठरविली. माझी तकरार या घाईशी आहे. जी उडी पूर्वी औषधावरून कारणाकडे मारली गेली, तीच आता कारणावरून औषधाकडे उलटी मारली जात होती. औषधाने गुण येतो की नाही हा प्रश्न वेगळ्या न्यायासनासमोरचा. तेथे उपपत्ती पाहत नाहीत, औषध घेणारे आणि तशीच दिसणारी निर्द्रव्य गोळी घेणारे यांची तुलना पाहतात. ऑक्सफर्डचे आंद्रेआ सिप्रियानी यांनी २०१८ साली ‘लॅन्सेट’मध्ये अशा ५२२ चाचण्यांचा, म्हणजे १,१६,४७७ रुग्णांचा, लेखाजोखा मांडला. तपासलेली एकवीसही औषधे निर्द्रव्य गोळीहून सरस ठरली, आणि सर्वांत गुणकारी निघाले ते १९६१ पासून वापरात असलेले जुने, स्वस्त अमिट्रिप्टिलीन. पण हे सरसपण माफक आहे. साधारण दोन महिन्यांत औषधाने शंभरांपैकी सुमारे पन्नास जणांना लक्षणीय उतार पडतो, आणि निर्द्रव्य गोळीनेही पस्तीस-चाळीस जणांना पडतो. दोहोंमधील अंतर सौम्य विषण्णतेत अल्प आणि तीव्र विषण्णतेत मोठे असते, असे बऱ्याच अभ्यासकांचे मत आहे. या आकड्यांत चमत्कार नाही. पण ज्या दहा-पंधरा जणांचा हा फरक आहे त्यांच्या घरी जाऊन त्यास नगण्य म्हणण्याचे धाडस मला होणार नाही.

मग ती औषधे काम करतात तरी कशी? आज जे चित्र तयार होत आहे त्यात सेरोटोनिनची वाढ हा शेवट नसून आरंभ आहे. फटीत दूत वाढला की तो धाडणाऱ्या पेशीवरचे स्वनियंत्रक ग्राही तिला प्रथम लगाम घालतात, आणि दोन-तीन आठवड्यांत ते ग्राही बोथट झाल्यावरच तिचा खरा अंमल सुरू होतो. विलंबाचे हे एक कारण. दुसरे अधिक खोल आहे. दीर्घकाळच्या ताणाने आक्रसणाऱ्या हिप्पोकॅम्पस या भागात ही औषधे मज्जापेशींचे पोषण करणारे बीडीएनएफ नावाचे प्रथिन वाढवितात, आणि उंदरांत तेथे नव्या पेशींचा जन्मही वाढलेला दिसतो. रने हेन यांच्या प्रयोगशाळेने २००३ साली नव्या पेशींची ही उत्पत्ती क्षकिरणांनी थांबविली, तेव्हा फ्लुओक्सेटीनचा उंदरांच्या वर्तनावरील परिणामही नाहीसा झाला. माणसाच्या बाबतीत इतके ठामपणे बोलण्याची मुभा अजून कोणास नाही. फिनलंडचे एरो कास्ट्रेन यांच्या गटाने तर २०२१ साली असे मांडले की, ही औषधे बीडीएनएफच्या ग्राहीला थेट जाऊन चिकटतात, म्हणजे सेरोटोनिनची मध्यस्थीही सर्वस्वी आवश्यक नाही. मला यांत सर्वांत विचारप्रवर्तक वाटते ते ऑक्सफर्डच्या कॅथरीन हार्मर यांचे काम: औषधाच्या पहिल्या काही मात्रांनंतर, रुग्णाला स्वतःला काहीच फरक जाणवत नसताना, समोर दाखविलेल्या चेहऱ्यांतील दुःख आणि भीती टिपून घेण्याचा त्याच्या मेंदूचा एकांगी कल कमी झालेला चाचण्यांत आढळतो. औषध आनंद देत नाही. ते दृष्टीचा तो कल थोडा सरळ करते, आणि मग माणसे, कामे, दिवस यांच्याशी पुन्हा घडू लागलेल्या संबंधांतून मन हळूहळू सावरते. हे खरे असेल तर ज्याच्या भोवती सावरण्याजोगे काहीच नाही, ज्याचे कर्ज, मारहाण वा एकटेपण जसेच्या तसे आहे, त्याला नुसत्या गोळीने का कमी गुण येतो याचाही थोडा उलगडा होतो. सेरोटोनिनशी फारसा संबंध नसलेले, ग्लुटामेट या दूताच्या मार्गात हात घालणारे केटामीन काही तासांत विषण्णता हलकी करते, हे येलच्या संशोधकांनी २००० साली दाखविले. त्याचेच एक रूप नाकातील फवाऱ्याच्या स्वरूपात २०१९ पासून अमेरिकेत मंजूर आहे.

आपल्याकडचा प्रश्न अर्थातच उपपत्तीचा नाही. बंगळूरच्या निम्हान्सने केलेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात विसांतील एकास आयुष्यात कधी ना कधी नैराश्य गाठते असे आढळले, आणि तसे शंभर रुग्ण असतील तर त्यांपैकी सुमारे पंच्याऐंशी जणांपर्यंत कोणताच उपचार पोचत नव्हता. जे डॉक्टरांपर्यंत पोचतात त्यांना दोन गोष्टी आरंभीच सांगितल्या गेल्या पाहिजेत. पंचविशीच्या आतील काही रुग्णांत पहिल्या आठवड्यांत अस्वस्थता आणि आत्मघाताचे विचार वाढू शकतात, म्हणून त्या काळात घरच्यांनी लक्ष ठेवावे आणि डॉक्टरांची भेट चुकवू नये. आणि पूर्वी कधी उन्मादाचा झटका येऊन गेला असेल तर तो लपवू नये, कारण अशा द्विध्रुवी रुग्णाला एकट्या या औषधाने उलटे टोक गाठता येते.

तिसरी गोष्ट बरे वाटू लागल्यानंतरची, आणि तीच बहुधा सांगावयाची राहून जाते. औषध एकदम बंद केले तर भोवळ, चिडचीड, भयाण स्वप्ने आणि डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखे वाटणे असे त्रास होतात. रक्तातून लवकर निघून जाणाऱ्या पॅरोक्सेटीनने ते अधिक, आठवडेच्या आठवडे रेंगाळणाऱ्या फ्लुओक्सेटीनने कमी. रुग्ण यास मूळ रोग परतला असे समजतो, आणि पुष्कळदा डॉक्टरही. लंडनचे मार्क होरोविट्झ आणि डेव्हिड टेलर यांनी २०१९ साली मेंदूच्या प्रतिमांवरून याचे गणित समजावून दिले. सिटालोप्रामच्या २० मिलिग्रॅमने माघारीचे सुमारे ऐंशी टक्के दरवाजे अडतात, मात्रा निम्मी करून १० वर आणली तरी सत्तरांच्या आसपास अडलेलेच राहतात, आणि ५ वरही साठांच्या जवळपास. म्हणजे पहिल्या पंधरा मिलिग्रॅमना सोडल्याने जेवढा फरक पडतो त्याच्या जवळजवळ तिप्पट फरक शेवटचे पाच सोडताना पडतो. म्हणून जाणते डॉक्टर शेवटाकडे येताना पावले अधिकाधिक लहान करीत नेतात, गोळीचे तुकडे पुरेनासे झाले की पातळ औषधाचे थेंब मोजून देतात, आणि त्या शेवटच्या पाच मिलिग्रॅमसाठी आधीच्या पंधरांना लागला त्याहून मोठा अवधी राखून ठेवतात.